वर्चस्व आणि गाऱ्हाणे : मराठी गद्यातील पीडितत्वाच्या भाषेविषयी

१

'गाऱ्हाणे' हा शब्द मराठीत निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या वजनाने वापरला जातो. व्यवहारात त्याचा अर्थ तक्रार असा आहे. संतसाहित्यात गोपी यशोदेकडे कृष्णाची गाऱ्हाणी घेऊन येतात, आणि त्या तक्रारीत रागापेक्षा लोभच अधिक असतो. कोकणात मात्र गाऱ्हाणे 'घातले' जाते. जत्रेच्या वा शिमग्याच्या वेळी ग्रामदैवतापुढे गावाच्या वतीने कोणी एक जण मागणे मांडतो आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा देतात. येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. हे गाऱ्हाणे कोणीही घालू शकत नाही. तो मान गावकराचा, गुरवाचा किंवा ठरलेल्या मानकऱ्याचा असतो. दुःख साऱ्या गावाचे असले तरी ते बोलून दाखविण्याचा अधिकार गावातल्या प्रतिष्ठिताकडे असतो, आणि ज्याची वस्ती गावकुसाबाहेर आहे त्याचे दुःख त्या गाऱ्हाण्यात आले की नाही, हे तपासण्याची सोय त्या विधीत नसते.

प्रस्तुत लेखाचा विषय या निरीक्षणाशी जोडलेला आहे. समाजात ज्यांचे वर्चस्व आहे असे गट राजकारणात उतरताना स्वतःला पीडित म्हणवून घेतात, हा अनुभव जगात सर्वत्र येतो. समाजशास्त्रज्ञांनी त्याची कारणे हितसंबंधांत शोधली आहेत, आणि ती तेथे आहेतही. परंतु हितसंबंध सांगून झाले तरी एक प्रश्न उरतो आणि तो वाङ्मयाच्या अभ्यासकाचा आहे. हे पीडितत्व पटते कसे? ऐकणाऱ्यांना ते खरे वाटते, आणि पुष्कळदा बोलणाऱ्यालाही ते मनापासून खरेच वाटत असते. निव्वळ ढोंग इतके दिवस टिकत नाही. मराठी गद्याच्या गेल्या दीडशे वर्षांतील काही लेखनाकडे या दृष्टीने पाहिले तर असे दिसते की वर्चस्वशाली गटाचे गाऱ्हाणे सहसा पूर्णपणे खोटे नसते. एका ठिकाणी खरे असलेले गाऱ्हाणे तो दुसऱ्या ठिकाणी उचलून नेतो. तक्रार तीच राहते. ती ज्याच्याविरुद्ध आहे तो बदलतो. हे स्थलांतर भाषेच्या कोणत्या युक्त्यांनी घडते, ते पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

तुलनेसाठी आधी दुसऱ्या बाजूचे लेखन पाहणे योग्य ठरेल. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती फुल्यांच्या शाळेत शिकत होती. या निबंधाचे ऐतिहासिक मोल सर्वमान्य आहे. त्याच्या रचनेकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही. त्यातील दुःख अमूर्त नाही. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नाही, तिला ऊन-वारा-पाऊस अंगावर घ्यावा लागतो, असे ते शरीरापाशी येऊन सांगितले जाते. पेशवाईतल्या शिक्षांचा उल्लेख येतो तो आठवण म्हणून. पूर्वी काही चांगले होते आणि ते गेले, असा सूर तिच्या लेखनात कोठेही उमटत नाही. तिच्या समाजाला परत मिळविण्यासारखे मागे काहीच नव्हते.

जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथातही हाच गुण मोठ्या प्रमाणावर आहे. आरंभी त्यांनी शेतकऱ्यांत कुणबी, माळी आणि धनगर असे तीन भेद सांगून त्यांचे मूळ एकच असल्याचे प्रतिपादन केले आहे. हा मुद्दा पुढे आपल्याला लागणार आहे. पुढे शेतकऱ्याच्या घराचे जे वर्णन येते ते मराठी गद्यातील वास्तवदर्शनाचा फार आधीचा नमुना म्हणून वाचले पाहिजे. घर, भांडी, अंथरूण-पांघरूण, गोठा, अन्न यांची जवळजवळ पंचनामा करावा तशी नोंद तेथे आहे. फुल्यांनी आर्यपूर्व बळीराज्याची मांडणी केली, तेव्हा गतवैभवाची कल्पना त्यांनाही परकी नव्हती, असा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्त आहे. पण 'असूडा'तील तक्रार त्या भूतकाळावर उभी नाही. बळीराजा वजा केला तरी कर्जाचा कागद, कुळकर्ण्याची वही आणि कचेरीतला कारकून शिल्लक राहतातच.

१८७३ साली प्रसिद्ध झालेली 'गुलामगिरी' फुल्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. या अर्पणपत्रिकेचा उल्लेख नेहमी औदार्याचे उदाहरण म्हणून होतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. 'गुलामगिरी' हा शब्द कोणाच्या स्थितीला लावायचा, याचा निर्णय त्या पानावर झालेला आहे. पुढच्या दहा वर्षांत मराठीत हाच शब्द आणि याच जातीचे इतर शब्द, म्हणजे दास्य, पारतंत्र्य, परवशता, दुसऱ्याच एका स्थितीसाठी रूढ होऊ लागले.

३

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' जानेवारी १८७४ मध्ये सुरू झाली, म्हणजे 'गुलामगिरी'नंतर वर्षभरात. तिचे चौऱ्याऐंशी अंक निघाले आणि १८८२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, शास्त्रीबुवांचे निधन झाले. मराठी गद्याला त्यांनी दिलेला डौल, वाक्याचा फुलोरा आणि प्रतिपक्षाला नामोहरम करण्याची हातोटी यांविषयी लिहून झाले आहे. या गद्याचे ऋण मान्य केल्याशिवाय त्यावर टीका करणे कृतघ्नपणाचे होईल. आज आपण ज्या मराठीत विचार मांडतो तिचा एक मोठा हिस्सा त्यांनी घडविला.

मालेतील अखेरचा दीर्घ निबंध 'आमच्या देशाची स्थिती' हा आहे. पुढे सरकारने तो जप्त केला, यावरून त्याचा राजकीय परिणाम लक्षात यावा. निबंधाचा रोख थोडक्यात असा : देश हीन दशेला पोचला आहे, आपल्या चालीरीती, धर्म, विद्या सर्व टाकाऊ आहेत, असे इंग्रज मिशनरी आणि त्यांचे ऐकणारे एतद्देशीय सुधारक सांगतात, ते खोटे आहे, देशाच्या प्रकृतीत मूलतः बिघाड नाही, गेले आहे ते स्वातंत्र्य, आणि दुरवस्थेचे कारण तेच. वसाहतीच्या सत्तेखाली मान खाली घालून जगणाऱ्या शिक्षित तरुणाला या लेखनाने ताठ उभे राहण्याचे बळ दिले. येथे मांडलेले गाऱ्हाणे खरे होते. परकीय सत्तेने राज्य घेतले होते, कारागिरी मोडली होती आणि वर पराभूतांना उपदेशही चालविला होता.

आता शीर्षकातला पहिला शब्द पाहावा. 'आमच्या'. या सर्वनामात कोण कोण येते? इंग्रजाकडे तोंड करून बोलताना 'आम्ही' म्हणजे सारा देश असतो. सुधारकांकडे वळून बोलताना तोच शब्द आकसतो आणि 'आम्ही' म्हणजे शास्त्र, परंपरा आणि तिचे राखणदार असा होतो. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रातून लिहिलेल्या शतपत्रांत ब्राह्मणवर्गावर कठोर टीका केली होती. ते स्वतः ब्राह्मण असल्याने त्यांची टीका ही घरातली टीका होती. मालाकारांनी तिला परक्याला फितूर झालेल्या माणसाच्या बोलण्याचा रंग दिला. फुल्यांच्या वाट्याला तर वादही आला नाही. त्यांच्या पुस्तकांचा आणि सत्यशोधक समाजाच्या अहवालाचा समाचार घेताना शास्त्रीबुवांचा भर राहिला तो भाषेतल्या आणि व्याकरणातल्या चुकांवर.

व्याकरणावरची ही टीका केवळ थट्टा नव्हती, असे मला वाटते. ज्याला शुद्ध लिहिता येत नाही त्याला तक्रार मांडण्याचा अधिकार नाही, हा तिचा अध्याहृत सिद्धान्त आहे. गाऱ्हाणे घालण्याचा मान कोणाचा, हा गावकीतला प्रश्न येथे मुद्रणाच्या युगात पुन्हा उभा राहतो. १८८५ च्या ग्रंथकार सभेसंबंधीच्या पत्रात फुल्यांनी न्यायमूर्ती रानडे यांना जे उत्तर दिले, त्यात आपल्या दुःखांचा ज्यांच्या पुस्तकांशी मेळ बसत नाही अशांच्या सभेत जाण्याचे त्यांनी नाकारले. त्या नकाराचा अर्थ या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो.

म्हणजे 'निबंधमाले'च्या लेखकाची स्थिती दुहेरी होती. राज्यकर्त्यांच्या संबंधात तो जित होता. समाजरचनेच्या संबंधात तो जेत्यांच्या रांगेत होता. एकाच माणसाने एकाच वेळी या दोन्ही जागांवर असणे यात काही अनैतिक नाही. बहुतेकांचे आयुष्य असेच असते. अडचण येते ती जित म्हणून कमावलेले बोलणे जेत्याच्या जागेवरून वापरले जाते तेव्हा. फुले हे इंग्रजी राज्याचे आभार मानतात आणि मिशनऱ्यांचे ऐकतात. सबब ते आपल्यावरील आक्रमणाचा भाग आहेत, असे एकदा ठरले की शूद्रातिशूद्रांची तक्रार हीच अन्यायाची एक बाजू बनते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच पीडित ठरतो.

४

या स्थलांतराचा प्रत्यक्ष प्रयोग वेदोक्त प्रकरणात पाहावयास मिळतो. घटना सुपरिचित आहे. एकोणिसावे शतक सरत असताना कोल्हापुरात पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी म्हटले जाणारे मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, असे उघडकीस आले. कलियुगात क्षत्रिय उरलेले नाहीत, म्हणून छत्रपतींच्या वंशजालाही शूद्रविधीच लागू, असा पुरोहितवर्गाचा पक्ष. महाराजांनी वेदोक्त विधीची आज्ञा केली. राजोपाध्यांनी ती पाळण्यास नकार दिला. १९०२ साली त्यांची वतने खालसा झाली. ऑक्टोबर १९०१ मध्ये 'केसरी'ने वेदोक्ताच्या आग्रहाला 'खूळ' ठरविले होते. वेदोक्ताच्या बाजूने उभे राहिलेले राजारामशास्त्री भागवत हे स्वतः ब्राह्मण होते, ही गोष्टही येथे नोंदविली पाहिजे. वादाची रेषा जातीच्या रेषेवरून तंतोतंत गेलेली नव्हती.

राजोपाध्यांच्या पक्षाचे म्हणणे त्याच्या बळकट स्वरूपात समजून घेणे न्याय्य होईल. धर्मश्रद्धेच्या बाबतीत राजाने सक्ती करावी काय? सद्सद्विवेकाला जे पटत नाही ते केले नाही म्हणून एखाद्याची पिढीजात उपजीविका काढून घेणे जुलूम नव्हे काय? प्रश्न असा मांडला की आजचा वाचकही क्षणभर थांबतो. पण वतन ही कशाची किंमत होती, हे विचारताच चित्र बदलते. राजघराण्याची धर्मकृत्ये करावीत म्हणून ते दिलेले होते. सेवा नाकारण्याचे स्वातंत्र्य राजोपाध्यांनी वापरले आणि ते त्यांच्याकडून कोणी हिरावून घेतले नाही. सेवा न करता वतन चालू राहावे, ही मागणी मात्र विवेकस्वातंत्र्याच्या खात्यात बसत नाही. शिवाय ज्याच्या कुळाला शूद्र ठरविले जात होते त्याच्या अवमानाचा प्रश्न या साऱ्या युक्तिवादात कोठेच उरत नाही. राजा बलवान, पुरोहित दुर्बळ एवढेच नाते वाचकापुढे ठेवले जाते. त्या दोघांच्या मध्ये जी शास्त्राची सत्ता होती आणि जिच्या बळावर पुरोहित राजालाही खालचा ठरवू शकत होता, ती दृष्टिआड केली जाते.

पुढील घटना विचार करण्याजोगी आहे. राजोपाध्यांनी दाद मागितली ती वरिष्ठ इंग्रज सत्तेकडे, आणि ती त्यांना तेथेही मिळाली नाही. इंग्रजांकडे न्याय मागतात म्हणून सत्यशोधकांना जो दोष दिला जात होता, तो येथे कोणी दिल्याचे दिसत नाही.

यानंतर २६ जुलै १९०२ चा आदेश आला. महाराज त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्या तारखेपासून संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात, असा तो आदेश होता. नेमणुकांचा तिमाही अहवालही खातेप्रमुखांकडून मागविला होता. मागासलेल्या वर्गांत ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व धरले होते. १८९४ साली महाराज गादीवर आले तेव्हाचे जे आकडे अभ्यासक नेहमी देतात ते असे : सामान्य प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदे ब्राह्मणांकडे, आणि ५०० कारकुनांमध्ये ब्राह्मणेतर अवघे १०.

पुण्याच्या पत्रांतून या धोरणावर टीकेची झोड उठली. टीकेचा सूर गुणवत्तेवर अन्याय होतो असा होता. आदेशाची शब्दरचना मात्र पुन्हा पाहण्याजोगी आहे. तो 'रिकाम्या होणाऱ्या' जागांविषयी होता. खुर्चीवर बसलेल्या एकाही माणसाला त्याने उठविले नाही. गेले ते पद नव्हते, तर पुढचे पदही आपल्यालाच मिळणार ही खात्री होती. आणि मिरासदारीच्या समाजात खात्री हीच मालमत्ता असते. मुक्ता साळवेच्या निबंधातील दुःख न मिळालेल्या गोष्टीचे आहे. येथले दुःख मिळत राहणार होते त्या गोष्टीचे आहे. दोन्हींसाठी भाषेत शब्द एकच, अन्याय. बोलणाऱ्याला दोन्ही वेळा सारखेच दुखते, हेही खरे. म्हणून दुःखाच्या तीव्रतेवरून गाऱ्हाण्याचा खरेपणा ठरविता येत नाही. ते कशाची मोजदाद करते हे पाहावे लागते.

५

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत ब्राह्मणेतर पत्रसृष्टी उभी राहिली. मुकुंदराव पाटलांचा 'दीनमित्र' आणि श्रीपतराव शिंद्यांचा 'विजयी मराठा' ही तिची ठळक नावे. १९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबई विधिमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या. १९२५ साली केशवराव जेधे यांनी पुणे नगरपालिकेत जोतीरावांच्या पुतळ्याचा ठराव आणला, तो बारगळला. त्याच वर्षी दिनकरराव जवळकरांची 'देशाचे दुश्मन' ही पुस्तिका निघाली. तिचे लक्ष्य होते चिपळूणकर आणि टिळक. भाषा अत्यंत शिवराळ; तिचे समर्थन करण्याची गरज नाही. खटला झाला, शिक्षा झाल्या आणि अपिलात डॉ. आंबेडकरांच्या वकिलीमुळे आरोपी सुटले. मालाकारांनी ज्या शैलीत फुल्यांची संभावना केली होती तिचाच रांगडा अवतार जवळकरांच्या गद्यात आहे, हे मात्र वाङ्मयेतिहासकारांनी मोकळेपणाने सांगितलेले नाही. उपहासाचे हे शस्त्र दोन पिढ्यांनी उलट दिशेने फिरले आणि तेव्हा ते अब्रूनुकसानीचे कलम ठरले.

१९४८ हे वर्ष या विषयातील सर्वांत कठीण वर्ष आहे. ३० जानेवारीला गांधीहत्या झाली. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण होता, एवढ्या कारणावरून सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ज्यांचा त्या कटाशी वा विचारसरणीशी कसलाही संबंध नव्हता अशी कुटुंबे एका रात्रीत उघड्यावर आली. येथे पीडितत्व हा दावा नाही, वस्तुस्थिती आहे. सामाजिक वर्चस्वाचा पूर्वेतिहास दाखवून ही वस्तुस्थिती पुसता येणार नाही; तसा प्रयत्न काही पुरोगामी लेखनातून झाला आणि तो चुकीचा होता असे माझे मत आहे.

पण त्यानंतर स्मृतीत काय घडले तेही पाहिले पाहिजे. कूळकायदा १९४८ चाच. १९५६ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ जमिनीचे मालक मानले गेले. यात अनेक ब्राह्मण जमीनदारांच्या जमिनी गेल्या. मोबदल्याची तरतूद होती, विधवा, अज्ञान मुले व अपंग यांच्यासाठी वेगळे नियम होते. तरीही कित्येक लहान खातेदारांना तो कायदा जड गेला. तथापि घर जाळले जाणे आणि कसणाऱ्याला जमीन मिळणे या एका जातीच्या घटना नव्हेत. पहिली सूडाची, दुसरी न्यायाची. मध्यमवर्गीय आठवणींत, घरगुती बोलण्यात त्या 'घर गेले, जमीन गेली' अशा एका दमात सांगितल्या जाऊ लागल्या. एका वाक्यात शेजारी बसल्यामुळे पहिलीचा खरेपणा दुसरीला मिळतो. 'निबंधमाले'तील 'आम्ही' जे काम करीत होते तेच येथे 'गेले' हे क्रियापद करते.

या स्मृतीला अपवाद ठरणारी साहित्यकृती म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ'. साठच्या दशकातील ही छोटी कादंबरी थेट त्या जाळपोळीवर आहे. लेखक माणदेशातल्या माडगूळचा, ब्राह्मण, आणि बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहिलेला. म्हणजे गाऱ्हाणे घालण्याचा पुरेपूर अधिकार असलेला. आणि तरी या कादंबरीत गाऱ्हाणे नाही. ब्राह्मण तरुणाच्या नजरेतून पुण्याहून गावाकडचा प्रवास, वाटेतल्या वार्ता, धूर आणि माणसांचे बदललेले चेहरे एवढेच येते. माडगूळकरांची वाक्ये तोकडी आहेत. विशेषणांचा सोस नाही. जाळणाऱ्यांना राक्षसी रूप देण्याचा मोह त्यांनी टाळला आहे. 'आम्ही' हे सर्वनाम येथे एका घरापुरते, चार मित्रांपुरते राहते, जातीपर्यंत फुगत नाही. गाव आपले राहिले नाही या जाणिवेचा चटका वाचकाला बसतो, पण त्या चटक्याच्या बदल्यात त्याच्याकडून काही मागितले जात नाही. नुकसानीचा आकडा पुढे करून कोणाकडे वसुली केली जात नाही. मराठी समीक्षेने 'वावटळी'ला माडगूळकरांच्या इतर लेखनामागे ठेवले. या कृतीचा संयम हा केवळ शैलीचा गुण नसून राजकीय विवेकाचाही आहे, असे मानले तर तिचे स्थान वेगळे ठरेल.

६

विवेचन येथे थांबविले तर पीडितत्वाचे स्थलांतर हा एका विशिष्ट जातीचा दोष आहे असा समज होईल. तो टाळण्यासाठी नंतरच्या काळाकडे धावती नजर टाकणे भाग आहे. १९६० नंतरच्या महाराष्ट्रात सत्तेचे केंद्र बदलले. सहकारी साखर कारखाने, जिल्हा परिषदा, शिक्षणसंस्था यांच्याद्वारे मराठा समाजाचे नेतृत्व ग्रामीण राजकारणात सर्वत्र पसरले. समाजशास्त्राच्या परिभाषेत म्हणावयाचे तर श्रीनिवासांनी वर्णिलेल्या प्रभुत्वशाली जातीची जवळजवळ सर्व लक्षणे येथे जुळली. त्याच समाजाने पुढे आपण मागास असल्याचे प्रतिपादन केले. २०१६ मध्ये कोपर्डीच्या अत्याचारानंतर लाखोंचे मूक मोर्चे निघाले; २०१८ च्या कायद्याने १६ टक्के आरक्षण दिले; २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते शिक्षणात १२ व नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणून मान्य केले; ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीपासून आंदोलन पुन्हा पेटले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा झाला.

या मागणीची भाषा अभ्यासण्यासारखी आहे. १९०१ साली कोल्हापुरात मराठ्यांचा आग्रह आम्ही क्षत्रिय आहोत, शूद्र नव्हे, असा होता. एकविसाव्या शतकात त्याच समाजातील तरुण निजामकालीन दप्तरात आपल्या पणजोबापुढे 'कुणबी' ही नोंद शोधतो आहे. फुल्यांनी 'असुडा'त जे मूळ सांगितले होते, आणि क्षत्रियत्वाच्या हौसेत जे नाकारले गेले, ते आता दाखला म्हणून हवे झाले आहे. यावर उपहासाने हसणे सोपे आहे, आणि तसे हसणे मालाकारांच्याच परंपरेत जाऊन बसेल. कारण या गाऱ्हाण्याच्या तळाशीही खरे दुःख आहे : तुकडे पडलेली जमीन, पावसाचा आणि बाजारभावाचा लहरीपणा, कर्ज, आत्महत्या, महागलेले शिक्षण. प्रश्न पुन्हा तोच येतो. हे दुःख ज्यांच्यामुळे ओढवले त्यांच्याकडे ते गाऱ्हाणे जाते, की इतर मागास जातींच्या आणि दलितांच्या वाट्याकडे? मूक मोर्चांच्या मागण्यांत आरक्षण आणि कोपर्डीचा न्याय यांच्या शेजारीच अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या गैरवापराची तक्रार होती. ज्या समाजाचे नेते साखर कारखान्यांचे आणि जिल्हा बँकांचे अध्यक्ष होते, त्या समाजातला कोरडवाहू शेतकरी त्या नेत्यांविरुद्ध मोर्चा काढीत नाही. 'आम्ही' या शब्दात कारखान्याचा अध्यक्ष आणि त्याचा थकलेला सभासद एकत्र बसलेले असतात. चिपळूणकरांच्या 'आमच्या'ची घडण काही वेगळी नव्हती.

याच दुःखाचे आधीचे वाङ्मयीन रूप सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' (२००२) या कादंबरीत आहे. विदर्भातल्या खेड्यातला एकनाथ शिकलेला आहे, नोकरी नाही, शेती परवडत नाही. कादंबरी विस्ताराने मोठी, काही ठिकाणी पसरट, आणि तपशिलांनी गच्च भरलेली. बी-बियाणे, खत, पेरणी, उसनवारी, घरातली धुसफूस यांची तीत जी नोंद होते ती वाचताना 'असुडा'तल्या पंचनाम्याची आठवण येते. एकनाथाच्या तक्रारीची ठिकाणे अनेक आहेत. आभाळ आहे, अडत्या आहे, संस्थाचालक आहे, सरकार आहे, स्वतःचा बापही आहे. दीड दशकानंतर रस्त्यावर आलेल्या मोर्चाच्या निवेदनात यांपैकी किती ठिकाणे उरली आणि कोणती नव्याने आली, हे कादंबरी आणि निवेदन शेजारी ठेवून वाचले तर ओळीओळीने दाखविता येईल.